आठ महिने कर्नल अँटी-चीट वापरल्यानंतर

आम्ही पाचजण चार वर्षांपासून रात्री एकच गेम खेळतोय. पाच विरुद्ध पाच, एका टीमने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो निकामी करायचा, जी टीम आधी १३ राउंड घेईल तिची मॅच. आठ महिन्यांपूर्वीच्या एका मोठ्या अपडेटमध्ये या गेमचं जुनं अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, गेलं आणि थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या आतल्या गाभ्यात, बसणारं नवं आलं. पहिल्याच दिवशी अनेकांनी त्यावर निकाल देऊन टाकला. मला आधी वापरून बघायचं होतं, म्हणून आत्ता लिहितोय. गेमचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. या पद्धतीचं कुठलंही अँटी-चीट टाकणाऱ्याला यातलं काहीतरी उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

आधी काय चालायचं ते सांगतो. शेवटचा राउंड, आमचा स्नायपर कोपऱ्यात दबा धरून बसलाय, पावलाचाही आवाज केलेला नाही, आणि समोरचा दाट धुरातून पहिल्याच गोळीत त्याचं डोकं उडवतो. मग मॅच संपल्यावर रिप्ले उघडायचा, वेग पाव करायचा, आणि त्या खेळाडूचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) भिंतीपलीकडच्या माणसाबरोबर सरकतोय का ते डोळे ताणून बघायचं. कधी तो खरंच सरकायचा, वॉलहॅक, म्हणजे भिंतीआडचा शत्रू दाखवणारा प्रोग्रॅम, उघड दिसायचा. रिपोर्ट करायचो, पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही. पण याहून वाईट एक गोष्ट झाली होती. कुणीही चांगला खेळला की आमच्या तोंडून पहिला शब्द 'हॅकर' निघायचा. हरलो की हॅकर. जिंकलो तर समोरचे आम्हाला हॅकर म्हणायचे. एकदा तर आमच्यातल्या सपोर्ट खेळणाऱ्याने आयुष्यातला सगळ्यात भारी क्लच मारला, एकट्याने चौघांना झोपवलं, आणि चॅटमध्ये त्याला फक्त शिव्या मिळाल्या. त्या रात्री तो लवकर लॉगआउट झाला.

हे कर्नलचं प्रकरण मुळात का आलं, ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. पंकबस्टर हे अँटी-चीट २००० मध्ये आलं, व्हॉल्व्ह या गेम कंपनीचं व्हॅक २००२ मध्ये. तेव्हा चीट म्हणजे गेमशेजारी चालणारा एक साधा प्रोग्रॅम असायचा. गेमची मेमरी वाचायची, शत्रू कुठे आहे ते काढायचं आणि स्क्रीनवर चौकोन आखायचे. असा प्रोग्रॅम शेजारच्या प्रोग्रॅमला सापडू शकतो. मग चीट बनवणारे खाली उतरले. विंडोजला चालणारी डिजिटल सही असलेला, पण भोक असलेला एखादा जुना ड्रायव्हर (कर्नलमध्ये बसून हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) घ्यायचा, त्या भोकातून आपला कोड कर्नलमध्ये घुसवायचा आणि तिथून मेमरी वाचायची. कर्नलमध्ये बसलेला कोड वरच्या प्रोग्रॅमला हवं ते खोटं दाखवू शकतो, त्यामुळे वर चालणाऱ्या अँटी-चीटला काही पत्ताच लागत नाही. म्हणून राखणदारालाही खाली जावं लागलं. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट ही दोन्ही कर्नल ड्रायव्हर वापरतात. रायट कंपनीने २०२० मध्ये व्हॅलोरंट या गेमबरोबर आणलेलं व्हॅनगार्ड तर संगणक चालू होतानाच लोड होतं. आमच्याकडे आलेलं याच वळणाचं आहे.

बसवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू हवे होते. टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एका क्लिकवर सुरू झालं. सिक्युअर बूटने मात्र नाकी नऊ आणले. माझं विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं होतं. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद केलं आणि रीस्टार्ट केलं, तर डिस्क दिसायचीच बंद झाली. संगणक पुन्हा पुन्हा बायोसमध्येच उघडत होता. सीएसएम परत चालू केलं, विंडोजमध्ये गेलो आणि तिथलं एमबीआरटूजीपीटी हे टूल वापरून तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतली. फॉरमॅट करावी लागत नाही, डेटा जात नाही, तरी मी आधी बॅकअप घेतला होता आणि तुम्हीही घ्या. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, हा क्रम चुकवू नका. त्यानंतर सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. एवढं करूनही गेम म्हणतोय सिक्युअर बूट चालू नाही! बायोसमध्ये 'एनेबल्ड' लिहिलेलं आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरात 'नॉट ॲक्टिव्ह'. तिथे फॅक्टरी कीज परत लोड कराव्या लागतात, तेव्हा कुठे ते खरंच सुरू होतं. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे यूईएफआय आणि सिक्युअर बूट स्टेटपुढे 'ऑन' दिसलं की समजा झालं.

आमच्यातल्या एकाच्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, होतं. त्याने थेट बायोसमध्ये जाऊन बदल केले आणि पुढच्या वेळी विंडोजने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. त्याच्या अकाउंटमध्ये ती होती म्हणून वाचला. बायोसला हात लावण्याआधी ती की लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. खेळायला बसलेल्या माणसाला हे सगळं करावं लागतं आणि गेमच्या स्क्रीनवर त्याबद्दल अवघी एक ओळ येते, याचा मला अजून राग आहे.

रोजच्या वापरात एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये) फरक जाणवत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा निळी स्क्रीन आली, दोन्ही वेळा त्यात याच ड्रायव्हरचं नाव होतं. नंतरच्या एका अपडेटपासून बंद झालं. आणि माझा फॅनचा वेग सांभाळणारा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी मेला, कारण त्याचा ड्रायव्हर अँटी-चीटने लोडच होऊ दिला नाही. माझ्या संगणकावर काय चालावं हे कुठल्यातरी गेमने ठरवावं, हे मला अजिबात पटलं नव्हतं. मग त्या ड्रायव्हरबद्दल वाचलं. फॅन, तापमान आणि लाइटिंगच्या बऱ्याच प्रोग्रॅमांमध्ये विनरिंगझीरो नावाचा एक जुना ड्रायव्हर असतो आणि त्यातली भोकं २०२० पासून जाहीर आहेत. वर सांगितलेल्या चीटना नेमकी अशीच दारं लागतात. फॅनचा वेग मी बायोसमधूनच लावला आणि तो विषय तिथे संपवला. लिनक्सवाल्यांचं मात्र असं संपत नाही, तिथे हे चालतच नाही. आमच्यातल्या एकाला फक्त या गेमसाठी विंडोजचं वेगळं पार्टिशन ठेवावं लागतंय.

आता फायद्याचं. पूर्वी आठवड्याला तीन-चार मॅच अशा व्हायच्या की समोर चीटर आहे यात शंकाच नसायची. आता महिन्यात एखादी होते. पूर्ण थांबलेलं नाही आणि थांबेल असं वाटतही नाही. काहीजण मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये डीएमए कार्ड (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचणारं कार्ड) घालतात आणि गेमची मेमरी दुसऱ्याच संगणकावर वाचतात. खेळायच्या संगणकावर चीटचा प्रोग्रॅमच नसतो, मग तो सापडणार कसा? आयओएमएमयू (कुठल्या कार्डाने कुठली मेमरी वाचावी ते ठरवणारी सोय) चालू ठेवायची सक्ती सुरू झाली आहे ती त्यासाठीच.

पण आठ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. तिसऱ्या महिन्यात आम्ही एक मॅच १३-११ अशी हरलो. शेवटच्या राउंडला मी भिंतीआड होतो, समोरचा पलीकडून येत होता, आणि मला न बघताच त्याने बंदूक बरोबर माझ्या कोपऱ्याकडे वळवली. आधीच्या दिवसांत मी शपथेवर सांगितलं असतं की हा वॉलहॅक आहे. त्या रात्री कुणी 'हॅकर' म्हणालंच नाही. रिप्ले उघडला तो चूक शोधायला. ती सापडली. माझ्या मॅगझिनमध्ये २२ गोळ्या होत्या आणि तरी मी सवयीने रीलोड केलं. त्याच्या बाजूने रिप्ले लावला तर तो खटका स्वच्छ ऐकू येतो, आणि तो ऐकल्यावरच बंदूक वळते. ही खोड मला कितीतरी वर्षांपासून असणार. तिच्यामुळे किती मॅच गेल्या असतील आणि त्यातल्या किती मी हॅकरच्या नावावर टाकल्या असतील! रीलोडच्या बटणावरून बोट काढून ठेवायला शिकलो आणि त्या सीझनला माझी रँक दोन पायऱ्या वर गेली. हरणं पुन्हा आपलं झालं की त्यातून शिकता येतं. हे या सॉफ्टवेअरने मला दिलं आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

म्हणूनच चौथ्या महिन्यात जे झालं ते जास्त लागलं. आमचा स्नायपर बॅन झाला.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं एका अपघातानंतर नीट वळत नाहीत. खाली बसणं आणि हळू चालणं या दोन्ही कीज सतत दाबून धरणं त्याला जमत नाही, म्हणून एका छोट्या प्रोग्रॅमने त्याने त्या माउसच्या बाजूच्या बटणांवर घेतल्या होत्या. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. नेम धरायला किंवा रिकॉइल (गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका) सांभाळायला त्यात काहीही नव्हतं. बॅनच्या नोटीसमध्ये 'अनधिकृत सॉफ्टवेअर' एवढंच लिहिलेलं आणि बॅन हार्डवेअरवर, त्यामुळे त्याच संगणकावर खेळणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाचं अकाउंटही गेलं. त्याने अपील केलं. काही मिनिटांत उत्तर आलं की निर्णय कायम आहे. इतक्या पटकन आलेलं उत्तर कुणा माणसाने वाचून दिलेलं नसणार, असंच मला वाटतं. दुसऱ्या अपिलालाही तसंच.

आमच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. आणि एका रात्री मी त्याचे जुने रिप्ले उघडले. वेग पाव केला. त्याचा क्रॉसहेअर भिंतीवरून सरकतोय का ते बघत बसलो. ज्याचा हात मी स्वतः पाहिलाय, ज्याच्याशी चार वर्षं रोज बोलतोय, त्याच्याबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण एका सॉफ्टवेअरने निकाल दिला होता आणि त्याच्या निकालावर विश्वास ठेवायची मला नुकतीच सवय लागली होती. हे मी त्याला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "मलाही तेच वाटलं असतं रे."

तिसऱ्या अपिलात त्याने हात आणि कीबोर्ड दोन्ही दिसतील असा व्हिडिओ आणि त्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल पाठवली. बॅन लागल्यापासून १९ दिवसांनी एका ओळीचा मेल आला, अकाउंट परत सुरू. नेमकं काय सापडलं होतं, काय चुकलं, कुणी तपासलं, काही नाही. तोवर सीझन संपला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि मग दोर कापून निघून जायचं, असला हा प्रकार.

चूक कुणाकडूनही होते. २०१० मध्ये व्हॅकने मॉडर्न वॉरफेअर २ या गेमचे सुमारे १२,००० खेळाडू चुकून बॅन केले होते. पण व्हॉल्व्हने ते बॅन मागे घेतले, त्यांचं स्टीम हे गेमचं दुकान गेमची फाइल अपडेट करत असताना डिस्कवरची आणि मेमरीतली प्रत जुळली नाही म्हणून हे झालं असं कारणासकट सांगितलं आणि प्रत्येकाला लेफ्ट फोर डेड २ या गेमच्या दोन प्रती दिल्या, एक स्वतःसाठी आणि एक मित्राला द्यायला. मला त्या प्रतींपेक्षा ते कारण महत्त्वाचं वाटतं. काय पकडलं हे सांगितलं तर चीटवाले शहाणे होतात, हे मला मान्य आहे. पण निर्दोष ठरलेल्या माणसाला त्याच्याच संगणकाबद्दल दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे?

आणि ज्याला आपण संगणकाच्या किल्ल्या देतो, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा धरायलाच हवी. २०१३ मध्ये ईएसईए या ई-स्पोर्ट्स लीगच्या अँटी-चीट क्लायंटमध्ये बिटकॉइन मायनिंगचा कोड निघाला होता, खेळाडूंची ग्राफिक्स कार्डं परस्पर राबवली जात होती. २०२२ मध्ये गेनशिन इम्पॅक्ट या गेमच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) उचलला आणि त्याच्या जोरावर अँटीव्हायरस बंद पाडले. त्यासाठी त्या संगणकावर गेम असायचीही गरज नव्हती, सही असलेला ड्रायव्हर सोबत आणला की झालं. हे वाचल्यापासून बँकेची आणि ऑफिसची कामं मी या संगणकावर करत नाही, त्यांना जुना लॅपटॉप ठेवलाय. ज्यांच्याकडे एकच संगणक आहे आणि त्यावरच सगळं चालतं, त्यांनी हे टाकण्याआधी थांबून विचार करावा असं मी मनापासून सांगेन.

जे काम सर्व्हरवर होऊ शकतं ते आधी तिथे व्हायला हवं. शत्रू भिंतीमागून दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा माझ्या संगणकाला पाठवायचीच नाही, हे व्हॅलोरंटमध्ये केलेलं आहे. माहितीच आली नाही तर वॉलहॅक दाखवणार काय? आमच्या गेममध्ये हे अजून आलेलं नाही. मी प्रत्येक सर्व्हेमध्ये हेच लिहितो.

पकडण्याच्या कामाला मी पाचपैकी चार देईन, बसवण्याला दोन, अपिलाला एक. तो एकही तिसऱ्या वेळी ज्याने कुणी तो व्हिडिओ पाहिला त्याच्यासाठी.

मी ते काढलेलं नाही. आमचे पाचही जण खेळतायत. स्नायपरने तो प्रोग्रॅम कायमचा काढून टाकला. चालू-बंदचा पर्याय गेमच्या सेटिंगमध्येच खोल कुठेतरी निघाला, आणि बटणं माउसच्या स्वतःच्या मेमरीत साठवली. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री त्याने या सगळ्या सेटिंगचे फोटो तारखेसकट काढले, हाताचा व्हिडिओ नव्याने केला आणि सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत मला पाठवली.