कांद्याची विकिरण मात्रा कशात लिहायची: ग्रे, किलोग्रे की रॅड?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचं लॉट रजिस्टर मी तीन उन्हाळे सांभाळतोय. लासलगावच्या विकिरण केंद्रावर, म्हणजे जिथे मालावर गॅमा किरण सोडतात तिथे, कांदा पाठवायचा तर मात्रेचा रकाना आखावाच लागतो. त्यावर कोणतं एकक लिहायचं, हे नव्या कंपन्यांची पोरं हमखास विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: कांद्याला ग्रे.

तिन्ही एककं मोजतात एकच गोष्ट, मालात किती ऊर्जा जिरली ती. एका किलोत एक ज्यूल जिरला की १ ग्रे. रॅड त्याहून जुनं, १९५३ सालचं. एका ग्रॅममध्ये १०० अर्ग (ऊर्जेचं जुनं, बारीक एकक) म्हणजे १ रॅड. दोन्हींचा मेळ घातला की १ ग्रे म्हणजे १०० रॅड. ग्रे हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्यावरून १९७५ मध्ये ठरलं.

कोंब फुटू नये म्हणून कांद्याला साधारण ६० ग्रे पुरतात. हेच ०.०६ किलोग्रे, आणि हेच ६००० रॅड. ग्रेमध्ये लिहिलं की पुढचा हिशेब तोंडी होतो. किलोला ६० ज्यूल, म्हणजे क्विंटलला ६०००. हजार वॉटचा हीटर सहा सेकंद चालवला तर एवढीच ऊर्जा लागते. ‘कांदा आतून शिजतो का हो?’ असं शेतकरी काळजीने विचारतात, तेव्हा मी हेच उदाहरण देतो. एवढ्याने कांद्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास वाढतं. हाताला कळायचंही नाही.

किलोग्रेचा मोह होतो, कारण नियमांत मर्यादा त्यातच छापलेली असते: कंदांना मोड येऊ नयेत यासाठी ०.०२ ते ०.२ किलोग्रे. पण गेल्या मे महिन्यात एका लॉटबरोबर आलेली कार्बन कॉपी मी विसरलेलो नाही. कागद घामाने ओला, घडी बरोबर आकड्यावर, आणि ०.०६ मधलं मधलं शून्य पुसलेलं. आमच्या मुलाने ०.६ वाचून तसंच उतरवलं. म्हणजे ६०० ग्रे, कायद्याच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट! माल व्यवस्थित होता, पण ते पटवायला दुपारभर फोनाफोनी झाली. ‘६०’ लिहिलेलं असतं तर पुसायला दशांशाचं शून्यच नव्हतं.

मसाल्यांची गोष्ट वेगळी. मिरची-हळदीची पूड जंतुमुक्त करायला कित्येक किलोग्रे लागतात. दवाखान्याच्या सामानाच्या निर्जंतुकीकरणाला रूढ मात्रा २५ किलोग्रे. तिथे २५,००० ग्रे लिहिणं म्हणजे उलटी शून्यं मोजत बसणं. तुमची कंपनी मसालाही करणार असेल तर त्याचं रजिस्टर वेगळं ठेवा आणि ते किलोग्रेमध्ये. एकाच पानावर दोन्ही नकोत. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात. २००७ मध्ये लासलगावहून आंबा तिकडे गेला तो याच अटीवर. आंबा मी ग्रेमध्येच ठेवतो.

रॅडमध्ये नवं काही लिहू नका, पण वाचता मात्र यायला हवं. जुन्या शोधनिबंधांत किलोरॅड आणि मेगारॅड भरपूर भेटतात. किलोरॅडच्या आकड्यापुढे एक शून्य द्या, ग्रे मिळतात. मेगारॅडपुढे एक शून्य द्या, किलोग्रे मिळतात. जपायचं ते इंग्रजी संक्षेपाला: मिलिरॅड आणि मेगारॅड यांत फक्त पहिलं अक्षर लहान की मोठं एवढाच फरक, आणि चूक झाली तर ती अब्जपटीची. घरात कुणाचे रेडिएशन उपचाराचे जुने कागद असतील तर १ रॅड म्हणजे १ सेंटिग्रे, आकडा तोच राहतो.

सिव्हर्ट या रकान्यात येऊच देऊ नका. ते माणसाला होणारा धोका मोजण्यासाठी आहे. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या किरण मोजणाऱ्या बॅजची नोंद मिलिसिव्हर्टमध्ये असते, कांद्याची नाही. क्युरी तर किरण देणाऱ्या स्रोताची ताकद. ‘तेवढीच मिनिटं ठेवा’ असंही लिहून चालत नाही, कारण स्रोतातला कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. दर महिन्याला साधारण एक टक्का जोर कमी पडतो आणि त्याच ६० ग्रेसाठी वेळ वाढत जातो.

एककाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट, जी बहुतेक रजिस्टरांत राहून जाते: रकाने दोन आखा, किमान आणि कमाल. कडेच्या कांद्याला जास्त मात्रा मिळते, मधल्याला कमी. एकच आकडा लिहिला तर तो कुणाचा, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि ‘ग्रे’ हा शब्द नुसता रकान्याच्या डोक्यावर नको, प्रत्येक ओळीत आकड्यामागे लिहा. पानाचा फोटो काढून पाठवताना डोकं हमखास कापलं जातं.