चांगला बेल्ट काढून ७,५०० रुपये घेतले, आणि माळशेज घाटात ब्रेक दगड झाला

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट आहे, लिहायला उशीर झाला कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. अठरा वर्षं गाडी चालवतोय आणि हवा भरणाऱ्या एका पोऱ्याने मला गंडवलं हे चारचौघात कुठल्या तोंडाने सांगणार. पण परवा आमच्या गावातल्याच एकाला सेम अनुभव आला, जागा वेगळी पण आवाज तोच, मग म्हटलं बास, आता लिहूनच टाकतो.

आम्ही ओतूरजवळचे. घरचा कोबी-फ्लॉवर आणि शेजारच्या चार-पाच जणांचा माल भरून रात्री निघायचं, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, शीळफाटा करत वाशी मार्केटला खाली करायचा आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत, आठवड्यातून तीन फेऱ्या. पिकअप जुनी आहे पण इंजिनाने कधी त्रास दिला नाही. त्या दिवशी परत येताना कल्याण सोडल्यावर पुढे एका ठिकाणी हवा चेक करायला थांबलो. गॅरेज, हवा, पंक्चर, शेजारी ढाबा असं सगळं एकत्र. नाव आणि नेमकी जागा टाकत नाही, तक्रार केलेली आहे म्हणून.

पोऱ्याने हवा भरली आणि म्हणला, "शेठ, इंजिनातून चीं चीं येतंय, बघू का?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण रात्रभर जागा होतो, म्हटलं असेल, बघ बाबा, आणि मीच बोनेट उघडून दिलं. मी स्वतः. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, म्हणला रेडिएटरचं पाणी पण बघतो. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला, पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, हमाली जास्त लावली होती त्यावरून आमचं वाजलं, मी बोलत बोलत पाच-सात मिनिटं बाजूला गेलो असेन. परत आलो तर म्हणतो स्टार्ट मारा. मारला, आणि काय सांगू, डुकराला धरल्यासारखा आवाज. ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

मग आतून मोठा मिस्त्री आला. वयस्कर माणूस, कपाळाला टिळा, एकदम शांत. मला "दादा" म्हणत होता. कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणला, दादा बेल्ट तर गेलाच, पण टेन्शनरचं बेअरिंग पण गेलंय आणि अल्टरनेटर वाजतोय, असंच गेलात तर घाटात बेल्ट तुटेल. (बेल्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर बाकीचे भाग फिरवणारा रबरी पट्टा, टेन्शनर तो ताणून धरतो, अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो.) घाटाचं नाव काढलं की आमच्यासारख्याचा निम्मा जीव तिथंच जातो, आणि त्यांना ते बरोबर माहीत असतं. हिशोब सांगितला: बेल्ट २,२००, टेन्शनर ३,६००, अल्टरनेटरचं बेअरिंग १,४००, मजुरी १,०००. एकूण ८,२००. मी घासाघीस करून ७,५०० वर आणलं आणि वर खूश झालो की ७०० वाचवले!

दीड तास लागेल म्हणला, तुम्ही जेवून घ्या. मी जेवलो आणि खाटेवर चक्क झोपलो. उठलो तर गाडी तयार, आवाज गायब. त्याने एक टेन्शनर हातात दिला, फिरवून बघा म्हणला, खडखड वाजत होता. म्हटलं बरं झालं बदलला. जुना माल द्या म्हटलं तर टेन्शनर दिला नाही, कंपनीत एक्स्चेंजला जातो म्हणे. बेल्ट मात्र मी घेतला, कारण आमच्या आबांची शिस्त आहे की गाडीचं काही निघालं तर घरी आणायचं, बेल्टचा तुकडा गोठ्याच्या फाटकाला बांधायला एक नंबर असतो. तो पोतडीत टाकून सीटच्या मागे ठेवला. ही एकच अक्कल मी त्या दिवशी वापरली, आणि ती पण आबांची.

बिल मागितलं तर म्हणला, कच्चं पाहिजे तर देतो, पक्कं पाहिजे तर २८ टक्के जीएसटी वरून लागेल. मी गप्प बसलो. नंतर कळलं की स्पेअर पार्टवरचा २८ टक्के २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आलाय, आणि मुळात पाकिटावर जी एमआरपी असते तिच्यात सगळे टॅक्स धरलेले असतात, वरून काही लागतच नाही. पण मी पाकीट बघितलंच नव्हतं. पैसे यूपीआयने दिले, तर नाव आलं कुठल्यातरी बाईचं. गॅरेजचं नाव कुठेच नाही.

नऊ दिवस गाडी चालली. दहाव्या रात्री चौदाशे किलो कोबी भरून माळशेज उतरत होतो, साडेअकरा वाजले असतील, बोनेटखाली फटकन चाबूक मारल्यासारखा आवाज झाला. मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टेअरिंग एकदम जड. इतपर्यंत ठीक, पॉवर स्टेअरिंगचा पंप त्याच बेल्टवर आहे हे माहीत होतं. ब्रेक दाबला, लागला. पुढच्या वळणाला परत दाबला तर थोडा कडक. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर दगडावर पाय ठेवल्यासारखं, दोन्ही पाय टाकून उभा राहिलो तरी गाडी ऐकेना.

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नसेल म्हणून सांगतो. डिझेल गाडीत ब्रेकला जोर द्यायला व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, लागतो आणि तो बनवायला वेगळा पंप असतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो, माझ्यात पण तसाच आहे. म्हणजे बेल्ट तुटला की अल्टरनेटर थांबतो, तो थांबला की व्हॅक्यूम पंप थांबतो, साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-एक वेळा ब्रेक लागतो आणि मग सगळं तुमच्या पायाच्या ताकदीवर. ब्रेक पूर्ण जात नाही, पण भरलेल्या गाडीला घाटात ती ताकद पुरत नाही. माझं नशीब की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. तशीच दुसऱ्यात ओढली, इंजिन बोंबललं, हँडब्रेक थोडा थोडा खेचत डोंगराच्या बाजूने घासत घासत एका बंद टपरीसमोर रुंद जागा होती तिथे टेकवली. इंजिन लगेच बंद केलं, कारण वॉटर पंप पण त्याच बेल्टवर, चालू ठेवलं असतं तर इंजिन तापून आतलं हेड गॅस्केट उडालंच असतं. दगड लावले चाकाला आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

मागून नगरकडचा एक टेम्पोवाला आला, थांबला बिचारा. स्पेअर बेल्ट आहे का म्हणला. म्हटलं स्पेअर नाही पण जुना गेलेला एक पडलाय पोतडीत. त्याने तो बाहेर काढला, बॅटरीच्या उजेडात उलटा वाकवून बघितला, एक चीर नाही, धारा (बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उंचवट्याच्या रेघा) शाबूत. म्हणला, "हा गेलाय असं कोण म्हणालं तुम्हाला?" बेल्ट चिकट होता, आम्ही पाण्याने धुऊन फडक्याने कोरडा केला. कुठल्या पुलीवरून कसा जातो ते मला आठवेना, तर त्याने साधी गोष्ट सांगितली: खाचांची पुली असेल तिला बेल्टची धारांची बाजू, गुळगुळीत असेल तिला पाठ. पान्याने टेन्शनर दाबून धरला, बेल्ट चढवला, वीस मिनिटांत काम झालं. स्टार्ट मारला तर चूं नाही की चां नाही. ज्या बेल्टला मेलेला म्हणून ७,५०० घेतले त्याच बेल्टवर मी चौदाशे किलो कोबी वाशीला खाली करून घरी परत आलो. त्या टेम्पोवाल्याने चहाचे पैसे पण घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी तुटलेला बेल्ट हातात घेतला आणि धारा मोजल्या. पाच. पुलीच्या खाचा मोजल्या. सहा. बेल्टवर ६पीके आणि पुढे आकडा असा नंबर असतो, ६ म्हणजे सहा धारा आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी, एवढं सोपं आहे ते. माझ्या गाडीत पाच धारांचा, वर लांबीला पण जास्त असलेला बेल्ट कोंबला होता, टेन्शनर पार शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. त्यावर छापलेलं नाव मोठ्या कंपनीचं, पण बोटाने घासलं तर शाई निघाली. टेन्शनर जुनाच, फक्त डिझेलने पुसून चकाचक केलेला, आणि बेअरिंग एकदम मऊ फिरत होतं. म्हणजे जो खडखडणारा मला दाखवला तो माझ्या गाडीचा नव्हताच, असे गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेले असतात म्हणे. अल्टरनेटरच्या बोल्टवर तर पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा वाळलेला होता. मिस्त्री म्हणले, "याला पाना लागलाच नाही, हे बघ." ते बघून मला सगळ्यात जास्त राग आला, बेल्टपेक्षा. निदान खोलून तरी बघायचं होतं रे.

मग तो आवाज कसला होता? मिस्त्रींचं म्हणणं, बाटलीतलं पाणी साबणाचं किंवा कूलंटचं (रेडिएटरमध्ये घालतात ते) असणार, धारांवर पडलं की चांगला बेल्ट पण घसरतो आणि किंचाळतो. मी डोळ्यांनी बघितलं नाही त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही, पण बेल्ट चिकट होता हे टेम्पोवाल्याने पण बघितलं. खरा आवाज असेल तर पारखायची पद्धत त्यांनी दाखवली. इंजिन चालू असताना लांबून, हात न घालता, धारांच्या बाजूला साधं पाणी थोडंसं मारायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट ढिला. बेअरिंगची शंका असेल तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली हाताने फिरवायची, खरखर लागली तर ती गेली. याला पाच-दहा मिनिटं लागतात आणि जो मिस्त्री तुमच्यासमोर हे करायला कुरकुर करतो तिथून गाडी काढायची. त्यांनी सहा धारांचा नवीन बेल्ट टाकला, पाकिटावर एमआरपी, महिना-वर्ष, कस्टमर केअरचा नंबर सगळं छापलेलं, बिलासकट ८५०. मजुरी २००. घ्या.

मी परत त्या गॅरेजला गेलो होतो, चुलतभावाला घेऊन. टिळेवाला तितकाच शांत. म्हणला दादा हा माल आमचा नाहीच, तुम्ही दुसरीकडे टाकला असेल, बिल दाखवा. बिल कुठंय! यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणे ती बाई कोण आम्हाला माहीत नाही. आणि तो हवावाला पोऱ्या समोरच दुसऱ्या एका पिकअपच्या बोनेटमध्ये वाकलेला. मी त्या ड्रायव्हरला जाऊन सांगितलं सरळ, तो बोनेट पाडून निघून गेला, तेवढंच समाधान.

१९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवलीय. एकाने घाबरवलं की गाडी धंद्याची आहे, तुला ग्राहक धरणार नाहीत. तसं नाहीये, २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरायला वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, दोन वर्षांच्या आत. माझी बाजू लंगडी आहे कारण बिल नाही, हे मला कळतंय, तरी टाकणार आहे. कच्च्या बिलावर बेल्टचा नंबर आणि गॅरेजचं नाव एवढं जरी लिहून घेतलं असतं, किंवा पाकिटाचा एक फोटो काढला असता, तर आज तो टिळेवाला इतका शांत नसता.

आबांना अजून घाटातलं पूर्ण सांगितलेलं नाही. गोठ्याच्या फाटकाला बेल्ट बांधलाय, त्यांना वाटतं जुना आहे. जुना गाडीत सीटमागे स्पेअर म्हणून ठेवलाय, फाटकाला आहे तो तुटलेला, २,२०० वाला.