एमएसबिल्डची ‘गेटप्रॉपर्टी’ सोय: प्रोजेक्ट फाइल नेमकी कशी वाचली गेली?

जळगावातील आमचे छोटे कार्यालय जिनिंग मिलच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. कापसाची आवक भरात असताना चोपडा तालुक्यातील एका जिनिंगवर आम्ही नवी आवृत्ती बसवली आणि काट्यावरचे वजन संगणकावर येईनासे झाले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, तरी आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएसबिल्ड’ या साधनाच्या कामात, एकही एरर नव्हती. काट्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा असल्याने सर्वांत बाहेरच्या फोल्डरमधील ‘डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स’ या सर्व प्रोजेक्टच्या सामाईक सेटिंगच्या फाइलमध्ये ‘प्लॅटफॉर्मटार्गेट’ (प्रोग्राम कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवायचा ही सेटिंग) एक्स८६, म्हणजे ३२ बिट, ठेवलेले होते. मात्र आतल्या फोल्डरमध्ये आमच्याच हातून त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली गेली. एमएसबिल्ड प्रोजेक्टच्या फोल्डरपासून वर शोधत जाते आणि पहिली फाइल सापडताच थांबते, त्यामुळे बाहेरची फाइल वाचलीच गेली नाही आणि प्रोग्राम ३२ बिटचा झाला नाही.

तेव्हापासून आम्ही एमएसबिल्डच्या कमांडला जोडायचा ‘गेटप्रॉपर्टी’ हा स्विच (पर्याय) रोज वापरतो. तो एमएसबिल्ड १७.८ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून उपलब्ध आहे. टार्गेटचे, म्हणजे बिल्डमधील एखाद्या कामाचे, नाव दिले नाही, तर बिल्ड न करता सर्व इम्पोर्ट (प्रोजेक्ट फाइलमध्ये ओढून घेतलेल्या इतर फाइली) वाचून झाल्यावर प्रॉपर्टीची, म्हणजे सेटिंगची, जी व्हॅल्यू ठरते, ती तो छापतो. एकाहून अधिक प्रॉपर्टी मागितल्या, तर उत्तर जेसन या मजकूर-स्वरूपात मिळते. प्रत्येक प्रोजेक्टची ही उत्तरे आम्ही जपून ठेवली असून, कोणताही बदल मुख्य शाखेत घेण्यापूर्वी नवी उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहतो. रिग्रेशन टेस्टिंगसाठी, म्हणजे नव्या बदलाने जुने काही बिघडले का हे तपासण्यासाठी, इतके साधे आणि इतके भरवशाचे दुसरे साधन मला आढळलेले नाही.

जुना ‘प्रीप्रोसेस’ स्विच सर्व इम्पोर्ट एकाच फाइलमध्ये ओतून दाखवतो. व्हॅल्यू कोठून आली याचा माग काढण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु रोजच्या तुलनेसाठी मी तो सुचवणार नाही: मजकूर हजारो ओळींचा होतो, त्यात फाइलींचे पूर्ण पाथ येतात आणि संगणक बदलला की फरकही बदलतात. एसडीकेची (डॉटनेटच्या विकास-साधनांच्या संचाची) आवृत्ती ‘ग्लोबल.जेसन’ या फाइलमध्ये पक्की केल्याशिवाय तर दोन्ही स्विचच्या तुलनेत नको ते फरक दिसू शकतात. लिनक्सवर बिल्ड करणाऱ्यांनी फाइलच्या नावातील लहान-मोठी अक्षरे अवश्य तपासावीत. तेथे चुकीच्या अक्षरांची फाइल सापडत नाही आणि त्याबद्दल इशाराही मिळत नाही.

आतल्या फाइलमध्ये आम्ही आता बाहेरच्या फाइलचा इम्पोर्ट स्वतः लिहिला आहे, आणि जपून ठेवलेल्या उत्तरांमध्ये पहिली ओळ ‘प्लॅटफॉर्मटार्गेट’ची आहे.