मृतदेहाची तपासणी: एक्स-रे, सीटी, एमआरआय की थेट शवविच्छेदन?

छातीवर गोळी शिरल्याची जखम आहे, पण बाहेर पडल्याची जखम कुठेच नाही. म्हणजे गोळी आतच आहे. पण कुठे? बहुतेक वेळा ती शिरली त्याच रेषेत सापडते. कधी हाडावर आपटून वाट बदलते. क्वचित एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरते आणि रक्ताबरोबर वाहत मांडीपर्यंत जाते. मग शवविच्छेदन करणारा डॉक्टर छातीत तासन्‌तास शोधत राहतो आणि गोळी तिथे नसतेच. संपूर्ण देहाचा साधा एक्स-रे काढला असता, तर हा प्रश्न काही मिनिटांत सुटला असता.

न्यायवैद्यक विभागात इमेजिंगची, म्हणजे देहाच्या आतली चित्रं घेण्याची, सोय करायचं ठरलं की चर्चा लगेच यंत्रावर येते: सीटी (क्ष-किरणांनी देहाचे पातळ काप दाखवणारं यंत्र) घ्यायचं की एमआरआय (चुंबकीय क्षेत्राने आतल्या ऊतींचं चित्र घेणारं यंत्र), की आहे त्या एक्स-रेवरच भागवायचं? माझ्या मते त्याआधी क्रम ठरवायला हवा. एक्स-रे, सीटी आणि एमआरआय देहाला हातही न लावता होतात. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र घेताना, त्यांच्यात द्रव सोडावा लागतो. आणि एकदा सुरी चालली की आतल्या अवयवांची मूळ जागा, साठलेलं रक्त, अडकलेली हवा यांपैकी काहीच जसंच्या तसं परत पाहता येत नाही. कुठली तपासणी कुठल्या तपासणीची वाट बंद करते, हे डोळ्यांपुढे ठेवूनच पुढची तुलना केली आहे.

एक्स-रे की सीटी?

रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर 1895 मध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच, 1896 च्या सुरुवातीला, कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका माणसाच्या पायात रुतलेली गोळी एक्स-रेने शोधली गेली आणि ते चित्र न्यायालयातही पोचलं. म्हणजे हे तंत्र रुग्णालयात आणि न्यायालयात जवळजवळ एकदमच आलं.

एक्स-रेची अडचण एकच, पण मूलभूत. तो सावली दाखवतो. पुढचं हाड, मागचं हाड, मधली वस्तू, सगळं एका पातळीवर येतं. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामन याच्या ममीचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. 1968 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या पथकाने तिचे एक्स-रे काढले. कवटीच्या आत हाडाचे तुकडे दिसले आणि त्यातून या तरुण राजाचा डोक्यात घाव घालून खून झाला, ही चर्चा सुरू झाली. ती कित्येक वर्षं चालली. 2005 मध्ये सीटी स्कॅन झाला, सुमारे 1,700 प्रतिमा घेतल्या गेल्या. घावाचा पुरावा मिळाला नाही. कवटीतले तुकडे सुटे होते. ते जिवंतपणीच्या घावाचे असते, तर ममी करताना ओतलेल्या राळेत चिकटून बसले असते. वस्तू तीच, कवटी तीच, पण सावलीऐवजी काप पाहायला मिळाले आणि खुनाचा संशय गळून पडला.

मृतदेहाच्या बाबतीत सीटीला आणखी एक मोकळीक मिळते. किरणोत्सर्गाच्या मात्रेची काळजी करावी लागत नाही, त्यामुळे जिवंत रुग्णाला देता येणार नाही एवढी मात्रा वापरून अतिशय पातळ काप घेता येतात. देह पिशवीतून बाहेरही काढावा लागत नाही. संसर्गाची, रसायनांची किंवा स्फोटकांची भीती असेल तेव्हा हे फार मोलाचं ठरतं. अस्थिभंग, कवटीतला रक्तस्राव, धातूचे कण, गोळीचा मार्ग या सगळ्यात सीटी पहिल्या नंबरवर आहे. चेहऱ्याची हाडं, पाठ, हात-पाय हे भाग नेहमीच्या शवविच्छेदनात सहसा उघडले जात नाहीत. चेहरा तर नातेवाइकांना अंत्यदर्शन घ्यायचं असतं म्हणूनही उघडत नाहीत. सीटी ते सगळं एका फेरीत दाखवतो.

आणि हवा! छातीच्या पोकळीत साठलेली किंवा हृदयात आणि रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा शवविच्छेदनात सिद्ध करायची तर आधीपासून शंका हवी, पाण्याखाली छेद घेण्यासारखी खास पद्धत हवी. शंका नसेल तर पहिल्याच छेदाला पुरावा निसटतो. सीटीत ती काळीशार दिसते. फक्त कुजताना तयार झालेला वायू आणि जिवंतपणी शिरलेली हवा यांच्यात गल्लत होऊ शकते. म्हणून मृत्यूनंतर किती वेळाने स्कॅन झाला, हे अहवालात हवंच.

सामूहिक दुर्घटनेत सीटीची किंमत अधिक कळते. फेब्रुवारी 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत 173 जण गेले. मेलबर्नच्या न्यायवैद्यक संस्थेच्या शवागारात 2005 पासून सीटी यंत्र होतं. अवशेष मानवी आहेत की प्राण्याचे, एका पिशवीत एकाहून अधिक व्यक्तींचे अवशेष मिसळले आहेत का, शरीरात कृत्रिम सांधा किंवा पेसमेकर आहे का, असे ओळख पटवण्याआधीचे प्रश्न जळालेल्या अवशेषांना फारसं न हलवता सुटू शकले.

मग एक्स-रे मोडीत काढायचा का? मुळीच नाही. दातांवरून ओळख पटवताना जिवंतपणीचा पुरावा बहुधा दंतवैद्याकडच्या एक्स-रेच्या रूपातच मिळतो, आणि तुलना सारख्याची सारख्याशी केलेली बरी. लहान मुलाला मारहाण झाल्याचा संशय असेल तर लांब हाडांच्या टोकांशी झालेले बारीक अस्थिभंग शोधायला प्रत्येक भागाचा स्वतंत्र, नीट कोनातून घेतलेला एक्स-रे आजही आधारभूत मानला जातो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी 1946 मध्ये मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि लांब हाडांचे अस्थिभंग एकाच बाळात आढळतात हे मांडलं, ते एक्स-रे पाहूनच. अख्ख्या बाळाचा एकच मोठा एक्स-रे काढून काम उरकण्याची सवय मात्र सोडायला हवी. ज्या खुणा शोधायच्या, नेमक्या त्याच त्यात हरवतात.

सीटी की एमआरआय?

ढोबळ उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: हाडासाठी सीटी, मऊ ऊतींसाठी एमआरआय. त्वचेखालचा मार, स्नायूंतला रक्तस्राव, मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू यांत एमआरआयच सरस आहे. गळा आवळूनही वाचलेल्या व्यक्तीच्या बाबतीत त्याचं खास महत्त्व आहे. बाहेरून मानेवर फारसं काही दिसत नसलं, तरी आतल्या स्नायूंतला रक्तस्राव एमआरआय दाखवू शकतो. तिथे शवविच्छेदनाचा प्रश्नच नसतो, आणि बळी पडलेल्या व्यक्तीच्या जबाबाला आधार देणारा पुरावा काही दिवसांतच विरून जातो.

पण मृतदेहाच्या बाबतीत एमआरआय नाजूक प्रकरण आहे. ऊतींचा सिग्नल तापमानावर अवलंबून असतो. शीतपेटीतून काढलेल्या देहाची प्रतिमा जिवंत माणसाच्या प्रतिमेसारखी वाचली तर चूक होणारच. वेळही खूप जातो, पूर्ण देहाला तास-दोन तास सहज लागतात. आणि देहात पोलादी गोळी किंवा तुकडा असेल तर चुंबकीय क्षेत्रात तो सरकू शकतो, म्हणजे पुराव्याची जागाच बदलते. शिसं आणि तांबं चुंबकाला ओढले जात नाहीत, पण आतल्या वस्तूचा धातू कोणता हे बाहेरून कसं कळणार? म्हणून एमआरआय करायचाच असेल तर आधी एक्स-रे किंवा सीटी, यात तडजोड नको.

आता अनेकांना चकित करणारा निष्कर्ष. मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड इथे प्रौढांच्या 182 मृत्यूंमध्ये सीटी, एमआरआय आणि शवविच्छेदन अशी तिहेरी तपासणी झाली. 2012 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या कारणाबाबत शवविच्छेदनाशी मोठी तफावत सीटीत 32 टक्के प्रकरणांत होती, तर एमआरआयमध्ये 43 टक्के. महागडं, बारकावे दाखवणारं यंत्र मागे पडलं. निसटलेली कारणं होती ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, न्यूमोनिया आणि पोटातले काही आजार. प्रौढ माणसाच्या अचानक मृत्यूत नेमकी हीच कारणं वारंवार आढळतात, त्यामुळे हा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जिथे रेडिओलॉजिस्टने, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरने, ठामपणे सांगितलं की कारण मिळालं, आता शवविच्छेदनाची गरज नाही, तिथे तफावत सीटीत 16 टक्क्यांवर आणि एमआरआयमध्ये 21 टक्क्यांवर आली. म्हणजे ‘मला यात सांगता येत नाही’ असं वेळेवर म्हणणारा तज्ज्ञ चूक जवळजवळ निम्म्यावर आणतो. यंत्राच्या निविदेइतकाच वेळ अशी माणसं तयार करण्यावर खर्च व्हायला हवा. जिवंत रुग्णांचे स्कॅन वाचणाऱ्याला फुप्फुसांच्या मागच्या भागात खाली उतरलेलं रक्त न्यूमोनियासारखं दिसतं आणि हृदय सुरू करण्यासाठी दिलेल्या दाबाने मोडलेल्या बरगड्या मारहाणीच्या वाटतात. मृत देह वाचायला वेगळं शिकावं लागतं.

गर्भ आणि नवजात बाळांत मात्र पारडं एमआरआयकडे झुकतं. त्या वयात मेंदू इतका मऊ असतो की शवविच्छेदनात तो हातात टिकत नाही. गर्भ, नवजात आणि मुलांच्या 400 प्रकरणांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एमआरआयला बाह्य तपासणी, नाळेची तपासणी, रक्त आणि इतर चाचण्यांची जोड दिल्यावर निष्कर्ष 89.3 टक्के प्रकरणांत पूर्ण शवविच्छेदनाशी जुळले. बाळाला सुरी लावू देणं ज्या आईवडिलांना असह्य वाटतं, त्यांच्यापुढे ठेवता येईल असा हा खरा पर्याय आहे.

सीटीला अँजिओग्राफीची जोड

साध्या सीटीचा दुबळेपणा रक्तवाहिन्यांत आहे. त्यावर उपाय म्हणजे कॉन्ट्रास्ट, स्कॅनमध्ये उठून दिसणारा द्रव. पण मृतदेहात रक्ताभिसरणच नसतं, त्यामुळे द्रव बाहेरून दाबाने पोचवावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या लॉझान इथल्या पद्धतीत मांडीच्या रक्तवाहिन्यांतून तेलकट कॉन्ट्रास्ट पंपाने सोडतात, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या पद्धतीत थेट हृदयाच्या धमन्यांवर लक्ष दिलं जातं. लेस्टरच्या गटाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जोडीने 92 टक्के प्रकरणांत मृत्यूचं कारण सांगता आलं. इजा आणि रक्तस्राव शोधण्यात ती शवविच्छेदनापेक्षा सरस ठरली, फुप्फुसातली गुठळी ओळखण्यात मात्र शवविच्छेदनच वरचढ राहिलं.

इथे क्रम चुकला तर भरपाई नाही. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर रक्त पूर्वीचं राहत नाही. विषाच्या तपासणीसाठी रक्त, लघवी आणि डोळ्यातला द्रव आधीच काढून, लेबल लावून, सील करून ठेवायला हवा.

सुरीला जे कळतं

विष स्कॅनमध्ये दिसत नाही. रंग दिसत नाही, वास येत नाही. हृदयाच्या स्नायूतला सूक्ष्म दाह, जंतू, पेशींमधले बदल यांसाठी ऊतींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच न्यावा लागतो. म्हणून बाहेरून इजा नसलेल्या तरुण माणसाच्या अचानक मृत्यूत ‘स्कॅन स्वच्छ आहे’ एवढ्यावर प्रकरण मिटवणं मला धोक्याचं वाटतं. उंचावरून पडून किंवा वाहनाच्या धडकेने झालेल्या मृत्यूत मात्र, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, बारकाईची बाह्य तपासणी, सीटी आणि विषतपासणी मिळून अनेकदा पुरेसं उत्तर मिळतं.

मायक्रो-सीटीचा, म्हणजे लहान वस्तूंचे अतिसूक्ष्म काप दाखवणाऱ्या सीटीचा, उल्लेख ओझरताच करतो, कारण ते पहिलं यंत्र म्हणून कोणी घेत नाही. हाडावर हत्याराने उमटलेल्या खुणा वाचायला त्याला तोड नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा 2012 मध्ये सापडला. सीटी आणि मायक्रो-सीटीने त्याच्यावर मृत्यूच्या सुमारास झालेल्या 11 जखमा मोजता आल्या, त्यांतल्या 9 कवटीवर होत्या.

न्यायालयात चित्र नेताना

सीटीतून तयार केलेली त्रिमितीय प्रतिमा रक्ताळलेल्या फोटोंपेक्षा पाहायला सुसह्य असते आणि न्यायाधीशांना लवकर समजते. तीच तिची जोखीमही आहे. त्यातले रंग सॉफ्टवेअरने दिलेले असतात. घनतेची मर्यादा जराशी सरकवली की बारीक तडा नाहीसा होतो किंवा पातळ हाडात नसलेलं भोक दिसू लागतं. त्यामुळे मूळ डायकॉम फाइल (यंत्राने साठवलेला मूळ स्कॅन) जपून ठेवणं, ती कोणी कधी उघडली याची नोंद ठेवणं आणि निष्कर्ष मूळ कापांवरूनच काढणं अत्यावश्यक आहे. शवविच्छेदनापेक्षा स्कॅनचा एक मोठा फायदा इथेच मिळतो: देहावर अंत्यसंस्कार झाल्यानंतरही दुसरा तज्ज्ञ तोच स्कॅन पुन्हा पाहू शकतो.

मग निवड कशी करायची?

विभागाला एकच मोठं यंत्र घेता येणार असेल तर सीटी घ्या, आणि ते शवागाराला लागून ठेवा. रुग्णांच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळात स्कॅन करायचे ठरले, तर तातडीच्या प्रकरणांतही सुरी स्कॅनच्या आधी चालते. तेवढीही ऐपत नसेल तर एक्स-रेची शिस्त तरी लावा: गोळीबार, स्फोट, जळालेला देह, अनोळखी देह आणि लहान मूल या पाचांत छेद घेण्याआधी एक्स-रे झालाच पाहिजे. एमआरआय स्वतः विकत घेण्यापेक्षा बाळांच्या आणि गळा आवळल्याच्या प्रकरणांपुरतं रुग्णालयाचं यंत्र वापरण्याचा लेखी करार करणं शहाणपणाचं.

आणि शवविच्छेदन नको, फक्त स्कॅन करा, अशी विनंती घेऊन नातेवाईक आले तर ती धुडकावू नका. फक्त स्कॅनच्या आधीच त्यांच्याशी बसून बोला: स्कॅनमध्ये कारण सापडलं नाही तर पुढे काय करायचं, कोणते नमुने तरीही घ्यावे लागतील, आणि शवविच्छेदनाची वेळ आलीच तर त्यांना कधी कळवलं जाईल. हे बोलणं लिहून, त्यांची सही घेऊन फाइलला लावा, आणि मगच देह स्कॅनसाठी आत न्या.