चोथा बाहेर काढायचा कसा: फावडं, ऑगर, पंप की हवा?

ब्रुअरीत ऑटोमेशनचा विषय निघाला की आधी व्हॉल्व्ह, सेन्सर आणि फर्मेंटरच्या तापमानावर तासभर बोलणं होतं. लॉटर टनच्या (माल्टचा गोड रस चोथ्यापासून गाळून वेगळा करणाऱ्या मोठ्या भांड्याच्या) मॅनहोलपाशी दांताळं घेऊन घामाघूम उभा असलेला माणूस आठवतो सगळ्यात शेवटी. खरं तर आकडेमोड तिथूनच सुरू करावी.

२० हेक्टोलिटरच्या एका बॅचला साधारण ४०० किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं असं धरू. वर्ट, म्हणजे तो गोड रस, निथळून गेल्यावर मागे उरणारा ओला चोथा ४८० किलोच्या आसपास भरतो, कारण त्यात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं. एका फावड्यात पाच किलो धरलं तरी जवळजवळ शंभर फावडी होतात, आणि तीही ७० अंशांच्या वाफेत वाकून. दिवसाला एकच बॅच निघत असेल तर हे निभून जातं, आणि मी तरी तिथे यंत्र घ्या म्हणणार नाही. दिवसाला तीन बॅच असतील तर मात्र प्रत्येक वेळी टन रिकामा होईपर्यंत पुढचं मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेलं माल्ट, ताटकळत राहतं. तेव्हा ब्रुअरी किती मोठी आहे यापेक्षा दिवसाला किती बॅच निघतात, हे आधी बघा.

त्यातही एक गफलत नेहमी होते. बाहेर झकास ऑगर (चोथा पुढे सरकवणारा लांब स्क्रू) बसवतात, पण टनच्या आत चोथा ढकलणारं काहीच नसतं. मग ऑगर रिकामा फिरत राहतो आणि माणूस आधीसारखाच दांताळ्याने चोथा ओढत बसतो. बरेच जण चोथा वाहून नेण्यावर खर्च करतात. मला विचाराल तर पहिला पैसा टनमधल्या नांगरावर घालावा. ही रेकच्या (टनमध्ये फिरणाऱ्या यांत्रिक दांताळ्याच्या) हातांना जोडलेली आडवी पाती असतात. ती खाली उतरतात आणि फिरता फिरता चोथा तळाच्या दारातून बाहेर लोटतात. जुन्या टनात ती बसवता येतील का, मोटर आणि गिअरबॉक्स तेवढा जोर सोसतील का, हे टन बनवणाऱ्याला विचारून घ्या. उत्तर 'नाही' असं आलं, तर पुढच्या तिन्ही पर्यायांचा फायदा अर्ध्यावरच राहतो.

आता ते तीन पर्याय.

ऑगर, म्हणजे स्क्रू कन्व्हेयर, सगळ्यात सरळ. टनच्या दाराखालून भिंतीपलीकडच्या ट्रॉलीपर्यंत पाच-दहा मीटर सरळ जायचं असेल तर याच्या वाट्याला दुसरं कुणी जाऊ नये. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि साधा मेकॅनिकसुद्धा तो दुरुस्त करतो. दांडा नसलेला स्क्रू घेतलात तर ओली सालं गुंडाळली जाऊन अडकत नाहीत, पण खालचं प्लास्टिकचं अस्तर झिजतं आणि अधूनमधून बदलावं लागतं. खरी अडचण चढाची. ४५ अंशांचा चढ दिला की क्षमता अनेकदा निम्म्यावर येते. आणि वळण आलं की दुसरा ऑगर, दुसरी मोटर आणि दोघांमध्ये सांडणारा चोथा. पात्यांमागे थोडा चोथा कायम उरतो. रोज होजपाइपने धुतला नाही, तर तिसऱ्या दिवशी चिलटं येऊन आठवण करून देतात.

पंप म्हणजे इथे प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप. वर हॉपर (चोथा पडतो तो नरसाळ्यासारखा डबा), त्यात चोथा पुढे ढकलणारा स्क्रू, आणि पुढे रबराच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या बाहेरच्या नळीत) फिरणारा स्टीलचा रोटर. पाइप कोपऱ्यांवरून, छताजवळून, कुठूनही नेता येतो, जागा कमी लागते, आवाजही फारसा नाही. पण याचे लाड पुष्कळ. हॉपरमध्ये चोथ्याची कमान धरली, म्हणजे वर भरलेलं दिसतंय आणि खाली पोकळी आहे, की पंप कोरडा चालतो आणि स्टेटर काही मिनिटांत करपतो. मी एकदा हे प्रत्यक्ष भोगलंय. आधी जळक्या रबराचा वास आला, मग पाइपमधला दाब शून्यावर, आणि उरलेली बॅच फावड्यानेच काढली. म्हणून स्टेटरमधला तापमानाचा सेन्सर 'ऐच्छिक' यादीत दिसला तरी घ्याच. गरम चोथ्याने रबर फुगतं, तेव्हा रोटर त्या तापमानाच्या मापाचा आहे ना, हेही विचारा.

पंपाचं आणखी एक दुखणं फार कोणी आधी सांगत नाही. बॅच संपली तरी पाइप चोथ्याने भरलेलाच राहतो. तो पाण्याने ढकलून काढावा लागतो, आणि ते पाणी एकतर चोथ्यात जाऊन जनावरांचं खाद्य पातळ करतं, नाहीतर सांडपाण्यात जाऊन शुद्धीकरणावरचा भार वाढवतं.

इथेच हवेची पद्धत उजवी ठरते. चोथा स्क्रूने एका चेंबरमध्ये भरायचा आणि कॉम्प्रेस्ड एअरने, साधारण दोन-तीन बारच्या दाबाने, त्याचे गोळे पाइपमधून मारायचे. शंभर मीटरवरच्या उंच सायलोपर्यंत (चोथा साठवायच्या टाकीपर्यंत) माल जातो आणि शेवटच्या फुंकेत पाइप बराचसा मोकळा होतो. बदल्यात कॉम्प्रेसर आणि हवेची मोठी टाकी लागते, वीजही तिन्हींत सर्वांत जास्त खाते, आणि सायलोच्या तोंडाशी प्रत्येक गोळा धाडकन आदळतो. शेजारी वस्ती असेल तर रात्रपाळीआधी याचा विचार करा. पाइपची वळणं लांब त्रिज्येची हवीत. जागा वाचवायला काटकोनी बेंड लावला की चोथा बरोबर तिथेच तुंबतो.

कच्च्या मालाचाही फरक पडतो. गहू आणि ओट्स जास्त असलेला चोथा चिकट, पिठूळ असतो. हॉपरमध्ये कमान धरण्यात तो पुढे, त्यामुळे अशा बिअर वारंवार बनत असतील तर पंपाबाबत दोनदा विचार करावा. लॉटर टनऐवजी मॅश फिल्टर (चोथा दाबून रस काढणारं गाळणयंत्र) असेल तर चोथा कोरड्या वड्यांसारखा पडतो. त्याला पंपापेक्षा ऑगर किंवा हवा मानवते.

माझा कल सांगायचा तर: अंतर कमी आणि रस्ता सरळ असेल तर ऑगर. जागा अडचणीची, वळणं बरीच, पण अंतर मध्यम असेल तर पंप, तोही सेन्सरसकट. सायलो लांब किंवा उंच असेल आणि दिवसभर बॅच चालू असतील तर हवा. सायलोचं मात्र आधी ठरवा. उबदार हवेत ओला चोथा दोन-तीन दिवसांत आंबतो. उचलणारी गाडी आठवड्यातून एकदाच येणार असेल, तर टन दहा मिनिटांत रिकामा करून फक्त आंबट वासाची जागा बदलते. सायलोच्या तळाशी पाणी निथळायची सोयही त्याच नकाशात दाखवून घ्या.

कोणतंही यंत्र घ्या, मॅनहोल किंवा हॉपरचं झाकण उघडताच स्क्रू थांबला पाहिजे. तो स्विच किंमत कमी करण्याच्या घासाघिशीत सोडू नका. आणि बसवल्यावर अधूनमधून स्वतः जाऊन बघा. स्क्रू फिरताना आत डोकावता यावं म्हणून त्या स्विचवर चुंबक चिकटवून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि चिकटवणारा सगळ्यात अनुभवी माणूस होता.