नागपुरात बेसाला घर किरायानं घेताना 54,250 गेले, नोटरीच्या शिक्क्यावर जाऊ नका

9,500 किराया, 40,000 डिपॉझिट, एक महिना ऍडव्हान्स अन दलालाचे 4,750. एकूण 54,250. ज्याला मी मालक समजून पैसे दिले तो स्वतःच तिथं किरायदार होता, खरा मालक वीस दिवसांनी दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

मी काही पहिल्यांदा घर घेत नव्हतो, दहा वर्षं किरायानंच राहून राहिलो, दरवेळी नोटरीच केली, कधी काही झालं नाही. इथंही 500 चा स्टॅम्प, फोटो, दोन साक्षीदार, गोल शिक्का सगळं होतं. मी म्हटलंही होतं रजिस्टर करू, तर म्हणे "अकरा महिन्यासाठी कायले हजार-बाराशे घालता भाऊ, दिवस जाते त्यात". अन मी मानलं! नोंदणी फी 1,000 अन स्टॅम्प ड्युटी पावणेतीनशेच्या आसपास, बस. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे किरायाचा करार, रजिस्टर करायला आधारवर अंगठा द्यावा लागतो, निदान त्याचं खरं नाव-पत्ता तरी हाती राहिला असता.

आणि ते वीजबिल. फ्रीजवर मॅग्नेटनं लावलेलं होतं, नाव वेगळंच. बायकोनं वाचलं, मला कोपर मारलं, मी विचारलं तर म्हणे सासऱ्याच्या नावावर आहे, बदलायचं राहिलं. तिथंच घर टॅक्सची पावती अन खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा, त्यात घर कोणी घेतलं ते नाव असते) मागायला पाहिजे होती, नसेल दाखवत तर उठून यायचं. शेजाऱ्याला नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण पोरीची शाळा सुरू व्हायची होती, जुनं घर सोडायची तारीख डोक्यावर.

ठाण्यात चारदा गेलो. पहिल्यांदा "दिवाणी मॅटर आहे, वकील करा". मग साहेब बंदोबस्तात. मग अर्ज ठेवून जा, पोच मागितली तर दिली नाही. चौथ्यांदा मलाच विचारतात करार रजिस्टर का नाही केला! अरे दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे, न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी अन रजिस्टर पाहिजे अन जबाबदारी घरमालकाची, हे मला पैसे गेल्यावर वकिलानं सांगितलं. दलाल तर फोनच उचलत नाही, त्याला दलाली कागदपत्रं पाहिल्याशिवाय देऊ नका.

डिपॉझिट मालकाच्या खात्यातच टाका, नाव जुळवून. मी त्यानं सांगितलेल्या त्याच्या "भावाच्या" खात्यात टाकलं. खऱ्या मालकानं पंधरा दिवस दिले, सामान सध्या नागपूरच्या महाल भागात साळ्याकडं पडलं आहे. पोलीस आयुक्तांकडे रजिस्टर पोस्टानं तक्रार टाकली, पोचपावती जपून ठेवली आहे.