क्लोरीन तपासायचं ओटी किट : चार महिने वापरून

सोसायटीच्या मीटिंगला मी गैरहजर राहिले आणि सेक्रेटरी झाले. नाशिकच्या इंदिरानगरात आमची चार मजली जुनी बिल्डिंग, सोळा फ्लॅट. जुलैत गोदावरीला पूर येऊन काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या तीन पोरांना जुलाब झाले. चेअरमन काका म्हणाले, "बाहेरचं खाल्लं असेल. आपल्या पाण्याला तर क्लोरीनचा वास येतोय की." हे वासाचं प्रमाणपत्र मला पटेना. शालिमारच्या बाजूला प्रयोगशाळेचं सामान मिळतं, तिथून ओटी किट आणलं. साडेतीनशे रुपये. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, तिकडे ग्रामपंचायतीचा माणूस नळावर येऊन ओटी घ्यायचा, म्हणून नाव ठाऊक होतं. इथे मात्र "ओटी घ्यायचीय" म्हणत दारात उभी राहिले तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खण-नारळ शोधायला आत गेल्या.

हे ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची डबी, खूण असलेली नळी, थेंब टाकायची छोटी बाटली आणि शेजारी पिवळ्या रंगाच्या चढत्या छटा. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब टाकायचे, हलवून छटेशी ताडून पाहायचं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. पहिल्या दहा सेकंदांत जो रंग येतो तो साधारण मोकळ्या क्लोरीनचा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्याचा. पाच मिनिटांनी रंग वाढलेला दिसतो, त्यात अमोनियासारख्या पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीनही येतो. तो जंतूंपुढे फार मंद. आणि काकांच्या वासाची गोम इथेच आहे. पोहायच्या तलावावर नाकात जातो तो उग्र दर्प बहुतेक घाम-लघवीशी जोडी जमलेल्या क्लोरीनचाच असतो. वास आला म्हणजे पाणी शुद्ध, असं काही नाही.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला पाणी आलं तेव्हा खालच्या टाकीत पडणारी धार तपासली : लिटरला ०.५ मिलिग्रॅम. चौथ्या मजल्यावर माझ्याच स्वयंपाकघरातला नळ : पांढरंस्वच्छ, शून्य. पुन्हा केलं. पुन्हा शून्य. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. वॉचमन मामांना घेऊन गच्चीवर गेले तर टाकीचं झाकण फुटलेलं, तळाला बोटभर गाळ, कडेला कबुतरांचं पीस. क्लोरीनला गाळ आणि जंतू यांतला फरक कळत नाही, समोर येईल त्यावर तो खर्च होतो. ऊन लागलं की आणखी उडतो.

"मॅडम, मी दर आठवड्याला दोन वाट्या टीसीएल टाकतो," मामा म्हणाले. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यांचं खरंच होतं. पण ती पावडर रंगाच्या जुन्या डब्यात, झाकण अर्धं उघडं, किती वर्षांपासून कोण जाणे. चिमूटभर ग्लासभर पाण्यात कालवून, निवळवून, त्यात थेंब टाकले. जेमतेम पिवळसर झाक. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो, हवा आणि ओल लागून तो निघून जातो, मागे उरतो चुना. मामा इमानेइतबारे टाकीला चुना लावत होते.

टाकी धुतली, झाकण बसवलं, नवी पावडर आणली. हिशेब सोपा : हजार लिटरला ५ ग्रॅम. आमची टाकी दहा हजारांची, म्हणजे ५० ग्रॅम. बादलीत कालवायची, अर्धा तास चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच टाकीत ओतायची. नंतर अर्धा तास नळ बंद. त्या संध्याकाळी माझ्या नळाला ०.५ आलं, दुसऱ्या सकाळी ०.२. मी तो पिवळा रंग फोटो काढून ग्रुपवर टाकला. काकांनी अंगठा दिला.

आता तक्रारी. ०.१ आणि ०.२ च्या छटांत ट्यूबलाइटखाली काही फरक कळत नाही. बाल्कनीत, पाठीमागे पांढरा कागद धरूनच पाहावं लागतं. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. पाण्यात लोह असेल तरी रंग पिवळा येऊ शकतो, त्यामुळे गंजक्या पाइपाच्या आणि बोअरच्या पाण्यावर आंधळा विश्वास नको. शिवाय ऑर्थोटोलिडिनवर कर्करोगाचा संशय आहे. नळीतलं पाणी मोरीतच ओतायचं, तोंडाने काही उघडायचं नाही, बाटली पोरांपासून लांब. ज्यांना जमेल त्यांनी डीपीडीचं किट घ्यावं, त्यात रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन वेगळा मोजता येतो. महाग पडतं.

आणखी एक गोष्ट डबीवर ठळक छापायला हवी. त्या छोट्या बाटलीत ॲसिडही असतं, ते टीसीएलच्या डब्याशेजारी ठेवू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. ऑगस्टमध्ये उरलेली पावडर मी बाथरूमच्या फरशीवर टाकली, फरशीवर आधीच ॲसिड होतं. उकिडवी बसून घासत होते. घशात काटे आल्यासारखं झालं, डोळ्यांतून धारा. पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणजे खाली बसलेल्याच्याच नाकाशी साचणार. कशीबशी बाहेर आले, दार-खिडकी उघडी टाकून तासभर बाल्कनीत बसले. दहावीतली पुतणी म्हणाली, "काकू, शीले नावाच्या शास्त्रज्ञानं १७७४ मध्ये क्लोरीन असाच केला होता, ॲसिड घालून." फिकट हिरवा म्हणून १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं, हेही तिनंच सांगितलं. मला हिरवं काही दिसलं नाही, खोकलाच दोन दिवस पुरला.

पाचपैकी चार. एक गुण त्या अक्षरांसाठी कापलाय. थेंबांच्या बाटलीवरची मुदत पाहून घ्या. दुकानदाराने मला आधी जुनी काढून दिली होती, ती तपकिरी पडलेली होती. आता दर सोमवारी सकाळी मामाच ओटी घेतात आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर आकडा लिहितात. गेल्या सोमवारी ०.१ लिहून त्याखाली त्यांनी स्वतःहून खडूने 'झाकण पाहणे' असं लिहिलं होतं.